खाल्ल्या मिठाला

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस तुमच्या-आमच्यासाठी उघडतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एरवी तो लष्कराच्या ताब्यात. आम्हा नागपूरकरांची गंमत अशी, की रोज त्याच्या पायथ्यावरून जातो, 'बर्डीवर जाऊन येतो' असं दिवसातून दोनदा म्हणतो, आणि खरोखर वर मात आयुष्यात एखाद्या वेळी चढतो. तेही कुणी पाहुणा आला तर.

यंदा १५ ऑगस्टला पाहुणा होता माझा भाचा. पुण्याचा, वय वर्षं बारा, प्रश्न विचारण्याची खोड आईकडून आलेली. सकाळी घरचं झेंडावंदन आणि तर्रीपोहे उरकून आम्ही रांगेत उभे राहिलो. वर गेल्यावर त्याला तोफा बघायच्या होत्या, मला वारा खायचा होता. पण दोघंही थांबलो ते एका लांबच लांब कबरीपाशी. नवगजअली बाबांची कबर. १८५७ साली इथे फाशी दिलेल्या नऊ जणांची ती आहे, असं लोक सांगतात. कुणीतरी हिरवी चादर घातली होती, कुणी झेंडूची फुलं ठेवली होती.

मी त्याला माहीत होतं तेवढं सांगितलं. इंग्रजांविरुद्ध उठायचा बेत होता, आधीच फुटला, पकडले गेले, तटावर फाशी दिलं. त्यावर भाच्याने विचारलं, "मामा, मग ज्यांनी बेत फोडला ते गद्दार ना?"

मी 'हो' म्हणणारच होतो. पण जीभ अडली. का अडली ते शेवटी सांगतो. आधी या टेकडीची गोष्ट सांगू द्या, कारण ती गोष्ट सरळ असती तर 'हो' म्हणून मी मोकळा झालो असतो.

ही टेकडी प्रसिद्ध झाली १८१७ मध्ये. त्या वेळी इथे किल्ला नव्हता, तो इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधला. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले. गादीवर आलेले परसोजी दुबळे. कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे आला आणि त्यांनी त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. म्हणजे ज्यांना आपण पुढे 'इंग्रजांशी लढलेला राजा' म्हणतो, त्यांनीच कंपनीची फौज नागपुरात आणली. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मेलेले सापडले आणि संशय आप्पासाहेबांवर आला. पण तेच आप्पासाहेब त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पेशव्याचं इंग्रजांशी युद्ध सुरू झालेलं असताना, पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारतात. दोन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला संध्याकाळी, सीताबर्डीवर तोफा सुरू होतात.

त्या रात्री कोण कुणाशी लढत होतं ते बघा. टेकडीवर कंपनीच्या बाजूने मुख्यतः मद्रासी पलटणी, म्हणजे काळ्या कातडीचे, आपल्याच देशातले शिपाई. खाली भोसल्यांच्या बाजूने सगळ्यात त्वेषाने लढणारे कोण, तर अरब! भोसल्यांनी हार खाल्ल्यावरसुद्धा हे अरब डिसेंबर अखेरपर्यंत नागपूर शहर अडवून बसले होते. आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. देशी कोण आणि परके कोण?

इंग्रजांच्या कागदांत आप्पासाहेब म्हणजे दगाबाज. तह केला आणि मोडला. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आप्पासाहेबांना १८१८ मध्ये कैद करून अलाहाबादकडे नेत असताना, जबलपूरच्या वाटेवर, ते शिपायाच्या वेशात निसटले. पहाऱ्यावरचे कंपनीचेच शिपाई फितले होते. मग महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला, मग असीरगड, मग पंजाब, आणि शेवटी जोधपूर. जोधपूरच्या मानसिंहाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं नाही. १८४० मध्ये ते तिथेच वारले. बावीस वर्षं माणूस परागंदा राहिला. तह मोडणारा म्हणा, भावाच्या खुनाचा संशयित म्हणा, पण ही बावीस वर्षं त्याच्या खात्यातून कुणाला पुसता येत नाहीत.

आता १८५७ कडे येऊ.

तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, पोटी मुलगा नाही. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातलं सामान, हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात निघालं. खालसा झालेल्या राज्यासाठी इंग्रजांनी नवी फौज उभी केली. तिच्या रिसाल्याची छावणी टाकळीला होती. आज तिथे गच्च वस्ती आहे.

या घोडदळातल्या काहींनी शहरातल्या काही मुसलमान प्रमुखांशी संधान बांधलं. १३ जून १८५७, मध्यरात्र. शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे, ही खूण. ती दिसली की स्वारांनी उठायचं. घोड्यांवर खोगिरं चढलीसुद्धा होती. पण पायदळाला फितवायला जो निरोप्या गेला, त्याला तिथल्या शिपायांनीच पकडून दिलं. आकाशात फुगे गेलेच नाहीत. कामठीहून मद्रासी फौज आली, रिसाल्याची हत्यारं काढून घेतली गेली. दिलदार खान, इनायतउल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान ही त्यानंतर फासावर गेलेल्यांची नावं. तटावरून, शहराला दिसेल असं.

या प्रकरणात दोन तऱ्हेची माणसं आहेत. फासावर गेले त्यांनीही कंपनीचा पगार घेतला होता, शपथ घेतली होती. ज्याने निरोप्याला पकडलं त्यानेही. एकाने शपथ मोडली, एकाने पाळली. आपल्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. त्या हिशोबाने मिठाला जागला तो पकडून देणारा, आणि निमकहराम ठरले ते हुतात्मे! इंग्रजांनी नेमका हाच हिशोब मांडला, आणि तो आपल्याच म्हणीत मांडला, म्हणून तो इतकी वर्षं खपला.

पण मीठ कुणाचं होतं? कंपनीचा खजिना काही लंडनहून गलबतात भरून येत नव्हता. स्वाराचा पगार याच मुलखातल्या शेतसाऱ्यातून येत होता. नागपूरच्या कुणब्याने पिकवायचं, कंपनीने वसूल करायचं, त्यातलं चिमूटभर स्वाराच्या ताटात वाढायचं आणि वर म्हणायचं, आमचं मीठ खाल्लंस! पुढे १९३० साली लोकांनी हे अगदी शब्दशः करून दाखवलं. आपल्या विदर्भाला समुद्र नाही, तर अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं. ज्याची जमीन त्याचं मीठ, एवढा साधा मुद्दा. पण तो लोकांच्या तोंडी यायला १८५७ नंतर सत्तर वर्षं जावी लागली. टाकळीच्या छावणीतल्या शिपायाला तो कुणी शिकवला होता?

आता बांकाबाई. दुसऱ्या रघूजींची विधवा. १८५७ मध्ये पार म्हातारी. राज्य खालसा झाल्यावर वाड्यातलं सामान हलवायला इंग्रजांची माणसं आली, तेव्हा याच बाईने वाडा पेटवून देईन अशी धमकी दिल्याचं इंग्रज इतिहासकार के याने नोंदवलंय. आणि तीच बाई तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकते. तिच्यामुळे मराठी मुलूख शांत राहिला, असं इंग्रजांचं गॅझेटियरच कौतुकाने सांगतं. बांकाबाई १८५८ मध्ये वारली. घराण्याला त्याचं फळ मिळालं. दत्तक जानोजींना १८६१ मध्ये 'राजेबहादूर देऊर' हा किताब मिळाला.

गद्दार? लहानपणी मी बिनदिक्कत म्हणालो असतो. आता तिच्या वयाकडे जवळ सरकतोय म्हणून असेल, पण मला ती बाई वेगळी दिसते. तिने १८१७ बघितलं होतं. त्या लढाईनंतर शहराचं काय झालं, राजा कसा पळाला, गादीवर अल्पवयीन मुलगा बसवून रेसिडेंटने कारभार कसा हाकला, हे सगळं तिने वाड्यात बसून भोगलं होतं. पेटवायची भाषा तिला येत होती, पण पेटवल्यावर राखेत कोण बसतं हेही तिला ठाऊक होतं. ती भ्याली असेल. तिने हिशोब केला असेल. घराण्याला दत्तक मिळावा म्हणून सौदा केला असेल. पण 'देश' नावाच्या ज्या गोष्टीशी तिने दगा केला असं आपण म्हणतो, ती गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर होती का? तिच्यासमोर होतं घराणं. त्याच्याशी ती इमानाने वागली.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळेच बरोबर? ज्याचं त्याचं इमान, झालं? नाही बुवा. इथे मला चांद्याची गोष्ट आडवी येते.

चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके. १८५७ मध्ये वय चोवीसच्या आसपास. त्याने गोंड आणि रोहिले जमवून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. १८५८ च्या मार्चपासून त्यांच्या इंग्रजांशी लढाया झाल्या. एप्रिलअखेर चिंचगुंडीजवळ त्यांच्या माणसांनी तारखात्याच्या तळावर हल्ला केला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. चांद्याच्या कॅप्टन क्रिक्टनला बाबूराव जंगलात सापडेना. मग त्याने अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाईंना कामाला लावलं. त्यांच्या माणसांनी बाबूरावाला पकडलं, तो एकदा निसटला, सप्टेंबरात पुन्हा पकडला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी. व्यंकटराव १८६० मध्ये सापडला, त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि त्याच्या अडपल्ली-घोटच्या जमीनदारीतली गावं गेली अहेरीच्या लक्ष्मीबाईंकडे.

बांकाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्यात मला फरक दिसतो. एकीने आपल्या माणसांना उठू दिलं नाही. दुसरीने उठलेल्या शेजाऱ्याला पकडून दिलं आणि त्याच्या साथीदाराची गावं घेतली. लक्ष्मीबाईंवर इंग्रजांनी दडपण आणलं असेल, जमीनदारी जाण्याची भीती घातली असेल. असेल. पण दुसऱ्याच्या गळ्यातला फास आणि आपल्या हातात आलेली सनद एकाच प्रकरणातली असली, की तिथे मला इमान हा शब्द वापरवत नाही.

आता शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १८५७ ला उत्तरेत 'गदर' म्हणतात. अरबीतल्या 'गद्र'चा मूळ अर्थ दगाबाजी. त्याच धातूपासून आपला 'गद्दार' आला. म्हणजे बंड करणारा आणि विश्वासघात करणारा, दोघांचं मूळ एकच! मराठीत त्या काळी 'बंड' म्हणत. वरसईचे गोडसे भटजी ऐन धामधुमीत उत्तरेत सापडले होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाच्या नावातही '१८५७ च्या बंडाची हकीकत' असंच आहे, आणि त्यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नाही. ते पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांनी त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हटलं. घटना पन्नास वर्षांपूर्वीची, नाव नवं.

पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांनी 'गदर' हीच शिवी पदकासारखी छातीवर लावली, आपल्या वर्तमानपत्राला तेच नाव दिलं. त्या गदरवाल्यांत एक आपला वर्ध्याचा होता, पांडुरंग खानखोजे. नागपुरात शिकला, जगभर हिंडला, इंग्रजांच्या काळ्या यादीत गेला, मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. स्वातंत्र्यानंतर परतला आणि १९६७ मध्ये नागपुरातच वारला. त्याला 'गदरवाला' म्हटलं तर मान, 'गद्दार' म्हटलं तर शिवी. मधे अंतर अर्ध्या अक्षराचं.

असो. आता जीभ का अडली ते.

माझे आजोबा १९४२ मध्ये नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना धाकटे आजोबा म्हणायचो, त्या ऑगस्टमध्ये पकडले गेले. पत्रकं वाटणं आणि तारा तोडणं असे आरोप. चौदा महिने तुरुंगात होते. त्याच तुरुंगात १९ जानेवारी १९४३ ला शंकर महाले या कोवळ्या पोराला फाशी झाली, ती रात्र धाकटे आजोबा कधी विसरले नाहीत. १९७२ मध्ये त्यांना ताम्रपट मिळाला. तो आमच्या बैठकीच्या खोलीत अजून आहे. नातेवाईकांनो, तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. लग्नाच्या फोटोंमध्येसुद्धा मागे दिसतो.

तुम्ही पाहिला नसेल तो कागद आजोबांच्या ट्रंकेत होता. मला तो ट्रंक आवरताना मिळाला. शाईने लिहिलेला कच्चा मसुदा, वरिष्ठांना उद्देशून. 'माझा धाकटा बंधु माझ्यापासून विभक्त राहत असून त्याच्या राजकीय कृत्यांशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही व नव्हता.' खाली खाडाखोड. 'व नव्हता' हे शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलेत.

मी बराच वेळ तो कागद धरून बसलो. मग आत्याला फोन केला. ती म्हणाली, "विभक्त? काऊन विभक्त? काकू आणि तिची दोन्ही पोरं आपल्याच ताटात जेवत होती की रे. बाबांच्या पगारावर अकरा माणसं होती."

म्हणजे तो कागद धादांत खोटा होता. ज्या सरकारचं मीठ खात होते त्या सरकारशी आजोबा खोटं बोलले. आणि ज्या भावाबरोबर वाढले त्याला एका ओळीत नाकारलं. एका कागदाने दोन्हीकडचं इमान मोडलं. आणि त्याच कागदामुळे पगार चालू राहिला, म्हणून त्याच भावाची बायकापोरं चौदा महिने जेवली.

धाकट्या आजोबांना हे माहीत होतं का? आत्या सांगते, ताम्रपटाच्या समारंभाला आजोबा गेले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. संध्याकाळी धाकटे आजोबा हार-बिर घेऊन घरी आले, ताम्रपट देवापुढे ठेवला आणि आजोबांच्या पाया पडले. आजोबा म्हणाले, "पुरे, पुरे." एवढंच. दोघांपैकी कुणीही पुढे या विषयावर बोललं नाही.

तर किल्ल्यावर भाच्याने विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती खाडाखोड होती.

मी त्याला म्हटलं, "हे बघ, जे इथे फाशी गेले ते देशभक्त. त्याबद्दल शंका नको. त्यांना 'देश' हा शब्द आपल्यासारखा माहीत नसेल, त्यांच्या मनात दुसरं काही असेल, धर्म असेल, गेलेलं राज्य असेल. पण परक्याची सत्ता नको, एवढं त्यांना कळलं आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या गळ्याने दिली. पण ते देशभक्त होते म्हणून उरलेले सगळे गद्दार होत नाहीत."

"मग गद्दार कोण?"

"ज्याने दुसऱ्याच्या गळ्याची किंमत घेतली तो."

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ज्याने निरोप्याला पकडलं त्याला काही मिळालं का?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्याला ते उत्तर फारसं आवडलं नाही. खाली उतरताना त्याने कबरीवरचं वाऱ्याने उडालेलं एक झेंडूचं फूल उचलून परत वर ठेवलं.

तो कागद मी ताम्रपटाशेजारी लावावा असं मला वाटतं. बायको नको म्हणते, आलेल्या-गेलेल्याला काय सांगत बसशील? आत्या म्हणते, "बाबांना नसतं आवडलं." तिचं खरं असेल. सध्या कागद परत ट्रंकेत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाला त्या चौदा महिन्यांचं आणखी काही आठवत असेल, तर मला जरूर कळवा. आत्याची ऐंशी उलटली आहे, आणि आता विचारायचं राहून गेलं तर कायमचंच राहील.